दहा ते सोळा वयासाठी मराठी कथा-कादंबऱ्यांचं कपाट : इंदुरात कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमानं?

कट्टा_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदुरातल्या एका मराठी मंडळाच्या वाचनालयात दहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी वेगळं कपाट लावायचं ठरलं आहे. हाताशी दहा हजार रुपये आहेत. मुलं घरी मराठी बोलतात, शाळा इंग्रजी माध्यमाची, हिंदी विषय म्हणून. शाळेत मराठी कुणालाच नाही. इंग्रजीतली तीनशे पानी कादंबरी चार दिवसांत संपवणारी मुलं मराठीच्या एका पानावर अडून बसतात.

हवं आहे ते फक्त कथा-कादंबरी. चरित्रं, संस्कारकथा, सामान्यज्ञान यांनी आधीचं कपाट भरलेलं आहे आणि ती पुस्तकं कुणी घरी नेत नाही. शक्यतो अलीकडचं लेखन हवं. कोणती पुस्तकं, आधी कोणतं आणि मग कोणतं, एकेकाच्या किती प्रती, आणि वयाप्रमाणे खण करावेत का, हे नेमकं सांगा.

अक्षरवेल
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. वयाप्रमाणे खण करू नका. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांचं वय आणि त्यांची मराठी वाचनाची पायरी जुळत नाही. चौदा वर्षांच्या मुलाची समज चौदाचीच असते, मराठी वाचन मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाइतकं. आपण त्याचं वाचन बघतो आणि हातात ससा-कासवाची गोष्ट ठेवतो. त्याला अपमान वाटतो, आणि त्याचं काही चुकत नाही. उलट वय बघून सहाशे पानी ऐतिहासिक कादंबरी दिली, तर तिसऱ्या पानावर ती मिटते. शोधायचं असतं ते विषय चौदाचा आणि वाक्य नऊचं असं पुस्तक. अशी पुस्तकं मराठीत आहेत, पण मलपृष्ठ वाचून ती ओळखू येत नाहीत. आतलं पान उघडावं लागतं.

पायरी अशी तपासा. पहिलं पान घेऊ नका, तिथे बहुतेक लेखक वर्णनात रमलेले असतात. विसाव्या पानाच्या आसपासचा, थोडा संवाद असलेला शंभर शब्दांचा उतारा घ्या. मूल मोठ्यानं वाचेल, तुमच्या हातात त्याच उताऱ्याची झेरॉक्स आणि पेन्सिल. जिथे अडखळेल त्या शब्दाखाली रेघ मारायची, मध्ये बोलायचं नाही, चूक सुधारायची नाही. तीनपर्यंत रेघा आल्या तर ते पुस्तक एकट्यानं वाचून होईल. चार ते आठ आल्या तर पहिली दोन प्रकरणं कुणीतरी वाचून दाखवायची आणि मग पुस्तक त्याच्याकडे सोपवायचं. नऊच्या वर गेल्या तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. आकडे ढोबळ आहेत, पण नुसत्या अंदाजापेक्षा बरेच भरवशाचे.

मग त्या रेघांकडे नीट बघा. मूल अक्षरावर अडलं की शब्दावर? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. हिंदीतून देवनागरी शिकलेली मुलं अक्षरांच्या ठरावीक जागीच अडतात. ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही, म्हणून ‘फळा’चा ‘फला’ होतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ त्यांनी पाहिलेलेच नसतात, त्यामुळे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ त्यांना एकच वाटतं आणि डोंगरातली गोष्ट अचानक समुद्रावर जाते. ‘माझा’मधला ‘झ’ आणि ‘माझी’मधला ‘झ’ वेगळा, हे छापील पानावर कुठेच दिसत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण शेवटच्या अनुस्वाराची. ‘त्यानं दार उघडलं, आत कुणीच नव्हतं’ हे वाक्य मूल हिंदीच्या सवयीनं नाकात वाचतं, तेव्हा रोज स्वतःच्या तोंडी असलेला शब्द त्याच्याच कानाला ओळखू येत नाही. मग त्याला वाटतं, ही कुठली तरी अवघड मराठी आहे. ‘हा टिंब नाकात नाही, शेवटचा अ जरा लांबवायचा, तू जेवताना बोलतोस तसाच’ एवढं एकदा दाखवलं की बऱ्याच रेघा त्याच बैठकीत जातात. हे काम दहा मिनिटांचं आहे. ते न करताच पुस्तक बदलत राहिलं, तर कुठलंच पुस्तक चालत नाही.

लष्कर_ग्वाल्हेर
अक्षरवेल ताईंनी अक्षरांचं सांगितलं, त्याला शब्दांचं जोडतो. हिंदीच्या आधारानं वाचणारं मूल अपरिचित शब्दावर अडतं ते आपल्याला दिसतं. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दावर ते अडतच नाही, चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातं, आणि ते कुणालाच दिसत नाही. ‘गुरुजींनी त्याला शिक्षा केली’ याचा अर्थ शिकवलं असा घेतला जातो. ‘कपाटामागे लपला’ म्हणजे दारामागे. ‘खाली बघ’मधलं खाली म्हणजे रिकामं. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘आपत्ती’ म्हणजे हरकत, ‘सही’ म्हणजे बरोबर. विज्ञानकथेत तर पहिल्याच ओळीला घोटाळा होतो : ‘ते अवकाशात निघाले’ म्हणजे सुट्टीवर निघाले. दहा पानांनंतर कथानक जुळेनासं होतं आणि मूल म्हणतं, ‘बोअर आहे’. पुस्तकात काही कमी नसतं.

उपाय सोपा आहे. अशा वीस शब्दांची एक खूणपट्टी छापा, पुठ्ठ्यावर, पुस्तकात ठेवायच्या मापाची. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मोठा शब्दकोश ठेवू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट मिळतो, पण तो १८५७ सालचा, इंग्रजीही त्या काळचं. मोठ्यांच्या कामाचा आहे, मुलांच्या नाही.

पुस्तकपेटी
आता नावं. एकेक प्रकार घेऊन लिहितो.

रहस्य आणि साहस : पहिली खरेदी इथेच करा. रहस्यकथेत पुढच्या पानाची ओढ अडखळण्यापेक्षा मोठी असते, म्हणून वाचनाची पायरी एखादीनं वर असली तरी निभावतं. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत, रोहन प्रकाशनानं त्यांची छोटी पुस्तकं काढली आहेत. सांगणारा तोपशे हा किशोरवयीन मुलगाच आहे, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. अकरा ते पंधरा या पूर्ण पट्ट्यात चालणारं यापेक्षा खात्रीचं काही मला तरी सुचत नाही. अलीकडचं हवं तर भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ घ्या. याला २०२४चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार आहे. सासणे उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, मोठ्यांसाठीचं त्यांचं लेखन घनदाट आहे. ही गोष्ट मात्र त्यांनी मुलांसाठी म्हणूनच लिहिली आहे, त्यामुळे लेखकाचं नाव वाचून पालकांनी बिचकू नये.

निसर्ग आणि गाव : ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’, २०१७चा पुरस्कार. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या मुलांपुढे हे पुस्तक ठेवताना हरसूदचं नाव जरूर काढा. इंदिरासागर धरणासाठी २००४ मध्ये खंडवा जिल्ह्यातलं ते आख्खं गाव रिकामं झालं, इंदूरहून फार लांब नाही. गोष्ट महाराष्ट्रातली म्हणून दूरची वाटत असेल तर ती तिथे जवळ येते. बारा-तेराच्या पुढे द्या. सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०१९चा पुरस्कार, दहा-अकरापासून.

रोजचं जगणं : संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२२चा पुरस्कार. वहीच्या रूपात लिहिलेलं असल्यामुळे तुकडे लहान आहेत, कुठेही थांबता येतं. जिची मराठी वाचायची ही पहिलीच खेप आहे अशा दहा-अकरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलालाही हेच द्या. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे त्याच पायरीवरचा.

अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दर वर्षी दिला जातो, तेव्हा नवी पुस्तकं शोधायला ती यादी चांगली. पण डोळे मिटून घेऊ नका. काही वर्षी तो कवितासंग्रहाला मिळाला आहे, २०२३चं ‘छंद देई आनंद’ हे त्यातलंच. कविता वाईट म्हणून नाही, तुम्हाला कादंबरी हवी आहे म्हणून.

जाणता_वाचक
नव्याच्या नादात फास्टर फेणे वगळू नका. त्याचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म इंदूरचाच, १९१० सालचा. इंदुरातल्या कपाटात ते नसावेत हे बरोबर दिसणार नाही.

अक्षरवेल
ठेवाच, पण इंदूरचे म्हणून नको, पळत्या वाक्यांसाठी ठेवा. भागवतांची वाक्यं संवादात सुटसुटीत आहेत आणि बनेश, म्हणजे फास्टर फेणे, संकटात सापडायला दुसरं प्रकरण लागत नाही. अडचण संदर्भांची येते. तारा पाठवणं, ट्रंक कॉल, जुन्या पुण्यातले रस्ते. चार ओळींचं टिपण पहिल्या पानावर चिकटवलं की भागतं. वीसच्या वीस पुस्तकांचा संच मात्र एकदम आणू नका. संच आणला की तो शोभेला राहतो, शिवाय बरीच रक्कम तिथेच संपते. दोन आणा. कुणी तिसरं मागितलं की तिसरं आणा.

वय ठरवताना आणखी एक धरा : मुलांना आपल्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या नायकाबद्दल वाचायला आवडतं, लहानाबद्दल नाही. पण नुसत्या नायकाच्या वयावरही जाऊ नका : प्रकाश नारायण संतांचा लंपन दहा-बारा वर्षांच्या मुलांना देण्याची चूक फार होते. लंपन लहान आहे, पण ‘वनवास’ किंवा ‘शारदा संगीत’ लहानांची पुस्तकं नाहीत. त्यात घडतं थोडं, जाणवतं फार. अकरा वर्षांचं मूल विचारतं, पुढे काय झालं? पंधरा-सोळाच्या, एकटं बसायला आवडणाऱ्या मुलीला तेच पुस्तक द्या, ती ते परत करायला विसरेल.

आणि इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मुलांसाठी लंपनची एक खास किंमत आहे. त्याची मराठी बेळगावकडची, कानडीच्या शेजारानं घडलेली. पुण्याची नाही. आपल्याकडे मुलांना सतत ऐकवलं जातं की तुमची मराठी हिंदीमिश्रित, अशुद्ध. शेजारच्या भाषेचा रंग लागलेल्या मराठीत इतकं सुंदर पुस्तक होऊ शकतं हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं पाहिजे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. २०२४ मध्ये आलेली ‘लंपन’ ही वेबमालिका आधी दाखवली तरी चालेल, इथे कथानक फुटण्याचं भय नाही आणि बोलीचा कान तयार होतो.

मांडवीकर
बडोद्याहून लिहितोय. वरचं बहुतेक इथेही लागू आहे, पण दोन गोष्टी उलट होतात, त्या नोंदवतो म्हणजे कुणी इंदूरचा आराखडा जसाच्या तसा इथे लावणार नाही.

गुजराती माध्यमातल्या मुलांना ‘ळ’ अडत नाही, गुजरातीत तो आहे. अडते ती लिपी. ख, च, ज, झ, फ, ब यांची गुजराती रूपं वेगळी, वर शिरोरेघ नाही. त्यामुळे गुजरातीच्या सवयीचा डोळा जोडाक्षरावर आणि दाट छपाईवर थकतो. अशा मुलांसाठी पुस्तक निवडताना मजकुराआधी छपाई बघा : टाइप चौदा पॉइंटच्या आसपास, ओळींमध्ये श्वास घ्यायला जागा, दर सात-आठ पानांनी प्रकरण बदलणारं. जुन्या आवृत्त्यांचं फोटो काढून केलेलं पुनर्मुद्रण टाळा, त्यात अनुस्वार उडालेले असतात आणि ‘केले’ की ‘केलें’ की ‘केलं’ हा घोळ मुलाच्या गळ्यात पडतो.

कपाटाच्या जागेबद्दलही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, तेव्हा गावोगावी लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरवली जात. पुस्तक माणसाकडे गेलं पाहिजे हे बडोद्यानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. तुमचं वाचनालय राजवाड्याजवळ असेल आणि मुलं विजयनगरला राहत असतील, तर ती कपाटापर्यंत येणार नाहीत. पंधरा-पंधरा पुस्तकांच्या दोन पेट्या करा, जिथे मुलं आधीच जमतात तिथे ठेवा, महिन्यानं अदलाबदल करा. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा आणि देवघेवीची वही पेटीतच ठेवा. वही वेगळी राहिली की पुस्तकं हरवतात.

अकरावी_ब
मी वाचणाऱ्यांच्या बाजूनं लिहितेय, चालेल ना?

‘किशोर कादंबरी’ असं कव्हरवर मोठ्या अक्षरात असेल तर ती आम्ही उचलत नाही. चित्रात गुबगुबीत गालांची मुलं असतील तरी नाही. त्या पुस्तकांना खाकी कव्हर घालून टाकू नका, उलट चांगली कव्हरं दिसू द्या, पारदर्शक प्लास्टिक घाला. कपाटात सगळी पुस्तकं पाठ दाखवून उभी असतात, त्यातली निदान सहा तरी समोरून दिसतील अशी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ती सहा बदला.

पुस्तक परत केल्यावर ‘काय शिकलीस?’ विचारू नका. सारांश लिहून आणायला सांगू नका. आणि अर्धवट सोडलेलं पुस्तक परत केलं तर चेहरा करू नका. पन्नास पानांपर्यंत नाही आवडलं तर बदलायची मुभा द्या.

प्रेम, शरीर, घरातली भांडणं, आईवडील वेगळे होणं, हे सगळं इंग्रजी पुस्तकांत असतं. मराठी कपाटात ते नसेल तर आम्ही चौदाव्या वर्षी मराठीकडून इंग्रजीकडेच जाणार.

पुस्तकपेटी
हिचा शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे आणि मराठीची दुखरी बाजूही तीच आहे. दहा-बारासाठी बरंच आहे, प्रौढांसाठी अमाप आहे, मधल्या चौदा ते सोळाच्या पट्ट्यात तुटवडा आहे. त्यातही मुलगी मध्यभागी असलेली पुस्तकं आणखी कमी. वरच्या याद्या परत बघा, नायक बहुतेक मुलगे आहेत. निवड करताना दर तीन पुस्तकांत एक तरी मुलीची गोष्ट आली पाहिजे असं ठरवून बसा, नाहीतर ती आपोआप येत नाही.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) त्या पट्ट्यातली आहे. नववीतला मुकुंद, १९७५ची आणीबाणी, वर्गातली मुलगी. चौदाच्या आत देऊ नका. मुलांच्या आपसांतल्या बोलण्यात शिव्या आहेत, शरीराबद्दल कुतूहल आहे, आणि ते सगळं त्या वयाला धरून आहे. पालकांना हे आधीच, पुस्तक घरी जाण्यापूर्वी सांगा. नंतर कुणीतरी तिसावं पान उघडून तक्रार घेऊन येतं आणि घाबरून कपाटच बंद केलं जातं. नोंदवहीत या पुस्तकापुढे ‘१४+, पालकांना कळवलं’ असा रकाना ठेवा. आणीबाणी कधी लागली आणि कधी उठली, जून १९७५ ते मार्च १९७७, एवढं आत चिठ्ठीवर लिहा. मुलांना ते ठाऊक नसतं आणि अर्धी गोष्ट त्यावर टेकलेली आहे.

विज्ञानकथेसाठी जयंत नारळीकर. ‘यक्षांची देणगी’मधल्या कथा सुट्या आहेत, एका बैठकीत एक होते. भाषा सरळ, पण वैज्ञानिक संज्ञा संस्कृत वळणाच्या. ज्यांना विज्ञान इंग्रजीतून येतं त्यांना ‘गुरुत्वाकर्षण’ कळायला वेळ लागतो, कल्पना मात्र आधीच माहीत असते. संज्ञांची जोडी लावून दिली की ही मुलं या कथांत सर्वांत वेगानं पुढे जातात.

लष्कर_ग्वाल्हेर
तोच धागा पुढे नेतो. गोष्ट माहीत असली की भाषा सोपी होते. ज्या मुलानं हॅरी पॉटर इंग्रजीत तीनदा वाचला आहे, त्याला मराठी अनुवादाचा पहिला भाग द्या. तो भोपाळच्याच मंजुल पब्लिशिंग हाउसनं काढला आहे. जाड आहे, तरी कथानक पाठ असल्यामुळे शब्दाचा अर्थ आपोआप लागतो. पूर्ण वाचलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. आवडीची तीन प्रकरणं मराठीत वाचली तरी हेतू साध्य झाला.

दुसरी युक्ती हिंदी-मराठी जोडपुस्तकाची. ‘तोत्तोचान’ नॅशनल बुक ट्रस्टनं दोन्ही भाषांत काढलं आहे. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. ती कादंबरी नाही, लेखिकेच्या स्वतःच्या शाळेच्या आठवणी आहेत, पण वाचताना गोष्टीसारखीच वाटते आणि प्रकरणं दोन-चार पानांची. एक प्रकरण हिंदीत, लगेच तेच मराठीत. पाच-सहा प्रकरणांनंतर मुलं हिंदीचं पुस्तक बाजूला ठेवतात, कारण दोनदा वाचायचा कंटाळा येतो. तेव्हा ठेवू द्या, तेच हवं आहे.

हिंदीला शत्रू समजू नका. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ हे मुलांचं हिंदी मासिक १९८५ पासून निघतं आहे, ते कपाटात असलं तर मुलं कपाटाकडे येतात, आणि आलेलं मूल शेजारच्या खणातही हात घालतं.

कट्टा_इंदूर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. एक, ग्रामीण बोलीतले संवाद आले की मुलं अगदीच थांबतात. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘म्या’ त्यांच्या कानावर कधी आलेलंच नाही. अशी पुस्तकं सध्या टाळावीत का? दोन, कानानं ऐकून मग वाचणं उपयोगी पडतं का?

अक्षरवेल
दोन्हींचं उत्तर एकच आहे. बोली डोळ्यांनी वाचायची नसते, आधी ऐकायची असते. स्टोरीटेल या ध्वनिपुस्तकांच्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात. पुस्तक हातात धरून, वेग थोडा कमी ठेवून ऐकायचं आणि बोट ओळीवरून फिरवायचं. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, डोळा कानाच्या मागे पडला की बोट थांबतं आणि मूल नुसतं ऐकत राहतं. मग त्याच पानांवर आवाजाशिवाय परत यायचं. नुसतं ऐकणं वाईट नाही, पण त्यानं वाचन सुधारत नाही.

ध्वनिपुस्तक नसेल तर संवाद वाटून घ्या. चार मुलं, चार पात्रं, पाचवं मूल मधलं निवेदन वाचेल. एकेकाच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात, पुढची ओळ येईपर्यंत मनात तयारी होते, अडखळणं लपतं. इंदुरात सानंद या संस्थेमुळे मराठी नाटक घरोघरी पोहोचलेलं आहे, मुलांना ही पद्धत परकी वाटणार नाही. एकांकिकांची दोन संहिता-पुस्तकं कपाटात ठेवा, गोष्टीच्या पुस्तकांइतकीच ती वाचली जातात.

जाणता_वाचक
पैसे वाचवायचे असतील तर ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीनं संगणकावर मोफत वाचायला ठेवले आहेत. शंभर शब्दांच्या चाचणीचे उतारे तिथूनच काढा, पुस्तक विकत न घेता पायरी कळेल. चालू अंकाची वर्गणी भरा. थोड्या मोठ्या मुलांसाठी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’, आणि दिवाळीत साधना साप्ताहिकाचा बालकुमार अंक. त्याच्या दहा-पंधरा प्रती एकदम मागवून प्रत्येक मुलाला स्वतःची एक द्या. अंक पातळ, सुटी पडणारी गोष्ट, संपवल्याचा आनंद लवकर मिळतो.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी आहे. त्यातली चौथ्या पायरीची पुस्तकं दहा वर्षांपर्यंत ठीक, त्यापुढे ती लहान मुलांची वाटतात.

कट्टा_इंदूर
वरचं सगळं धरून आराखडा केला आहे, चुकत असेल तर सांगा.

एकूण बत्तीस शीर्षकं. त्यातल्या सहांच्या दोन-दोन प्रती : फेलूदाची दोन पुस्तकं, फास्टर फेणेचं एक, पियूची वही, समशेर, शाळा. म्हणजे अडतीस प्रती. सरासरी दोनशे रुपये धरून ७,६०० रुपये. मासिकं आणि दिवाळी अंक १,००० रुपये. पारदर्शक कव्हर, रंगीत टिकल्या आणि खूणपट्ट्या ६०० रुपये. उरलेले ८०० मुलांकडे सोपवणार. दोन मुलं आणि दोन मुली स्वतः निवडतील, आम्ही नाही म्हणणार नाही.

टिकल्या वयाच्या नाहीत, वाचनाच्या पायरीच्या : हिरवी, पिवळी, निळी. १४+ची खूण वेगळी, आतल्या पानावर. पुस्तक सात दिवसांसाठी द्यायचा आमचा नियम आहे, तो ठेवावा का?

मांडवीकर
सात दिवस अजिबात नको. अडखळत वाचणाऱ्याला दीडशे पानांना तीन आठवडे लागतात. सातव्या दिवशी अर्धं पुस्तक परत करावं लागलं की ते मूल पुन्हा येत नाही. एकवीस दिवस ठेवा, मुदत एकदा वाढवून द्या, दंड ठेवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवघेव मंदावेल, परीक्षा असतात, त्याची काळजी करू नका. कपाटाची सुरुवात एप्रिलच्या मध्यावर करा.

पुस्तकपेटी
आराखडा चांगला आहे. तीन दुरुस्त्या.

रंगांचा अर्थ मुलांना सांगू नका. ‘हिरवी म्हणजे सोपी’ असं एकदा कळलं की पंधरा वर्षांचा मुलगा हिरव्या पुस्तकाला मित्रांसमोर हात लावणार नाही. अर्थ फक्त देवघेव बघणाऱ्याच्या वहीत असू दे, आणि टिकली मागच्या कव्हरच्या आत लावा, पाठीवर नको.

बत्तीस पुस्तकं एकदम मागवू नका. आधी अठरा आणा, सहा आठवडे कोणती घरी जातात ते वहीत बघा, मग उरलेली ठरवा. पहिल्या खेपेत निम्मी रहस्यकथा असू द्या.

मागवण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : आवृत्ती कोणत्या वर्षाची, पानं किती, आणि प्रत आत्ता हातात आहे की प्रकाशकाकडून यायची आहे. मराठी बालसाहित्याची आवृत्ती संपली की पुनर्मुद्रणाला कधी कधी वर्ष लागतं, आणि तोवर पैसे अडकतात. पुण्याहून एकत्र मागवलं तर टपालखर्च वाचतो, पण पार्सल उघडताना प्रत्येक प्रतीचे फर्मे, म्हणजे एकत्र बांधलेले पानांचे गठ्ठे, मोजून घ्या. सोळा पानं उलटी किंवा दुबार बांधलेली निघतात, आणि रहस्यकथेत ती नेमकी शेवटाकडची असली तर त्या मुलाला ते पुस्तक आपण दिलंच नाही असं होतं.

अकरावी_ब
पहिल्या दिवशी भाषण नको. कुणीतरी फेलूदातलं अर्धं पान वाचा आणि प्रसंग तापला की तिथेच थांबा. पुस्तक टेबलावर ठेवा. दोन प्रती आहेतच.

कट्टा_इंदूर
ठरलं. अठरांची यादी उद्या विक्रेत्याला पाठवते. खूणपट्टीसाठी लष्कर_ग्वाल्हेर दादांचे आठ शब्द घेतले आहेत : शिक्षा, कपाट, खाली, चेष्टा, संशोधन, आपत्ती, सही, अवकाश. अजून बारा हवेत, सुचतील तसे इथेच लिहा.

लष्कर_ग्वाल्हेर
राग, यात्रा, ताई. ‘ताई’ नक्की घाला. आमच्याकडे हिंदी घरांत ती मोठ्या काकांची बायको असते, आणि गोष्टीतली दहावीतली ताई मुलांना पन्नाशीची दिसते.